कोइनोबोरी: कागदाची की कापडाची?

जपानमध्ये ५ मे रोजी, म्हणजे १९४८ पासून राष्ट्रीय सुट्टी असलेल्या बालदिनी, घरोघरी कार्प माशाच्या आकाराच्या पताका, म्हणजे कोइनोबोरी, उभारतात. त्या मुलांकडून करून घ्यायच्या असतील, तर कागद की कापड हे मुलांच्या वयावर ठरवावे.

चार-पाच वर्षांच्या मुलांना कागदच द्यावा. अर्धगोल खवले शेपटीकडून चिकटवायला सुरुवात केली, तर पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीची वरची कड झाकत जाते आणि मासा भरीव दिसतो. शेवटी कागदाची नळी करून तोंडाशी जाड कागदाची पट्टी लावली की काम एका बैठकीत पुरे होते. एदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) पताकाही कागदाच्याच असत, त्यामुळे हा पर्याय दुय्यम मानण्याचे कारण नाही. मात्र पावसात तो टिकत नाही.

आठ वर्षांपुढील मुलांसाठी माझा कौल निःसंशय कापडाला आहे. रंग वाळेपर्यंत थांबावे लागते, शिवणीला मोठ्यांचा हात लागतो. पण पातळ सुती कापडाच्या तोंडात तारेचे कडे घातले की वारा आत शिरतो आणि शेपटी खरोखर पोहू लागते. पीत नदीवरील धबधबा चढून ड्रॅगन झालेल्या कार्पची चिनी आख्यायिका या प्रथेमागे आहे, आणि ती सांगण्याची योग्य वेळ हीच. जाड कापड मात्र टाळावे, कारण ते लोंबकळत राहते.

रंग दोन्हींत सारखेच ठेवावेत: सर्वांत वर मोठा काळा मासा वडिलांचा, त्याखाली लाल आईचा आणि निळा मुलाचा.