सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट मॉक करायचा की जर्सीटेस्ट चालवायची?

जॅक्स-आरएसच्या (जावात वेब एपीआय लिहायचं स्टँडर्ड) रिसोर्समध्ये @कॉन्टेक्स्ट लावून सिक्युरिटीकॉन्टेक्स्ट (रिक्वेस्ट कोणाची, त्याचा रोल काय, हे सांगणारा ऑब्जेक्ट) घेतला की युनिट टेस्टमध्ये पहिला नलपॉइंटर ठरलेलाच, कारण ती फील्ड भरतो कंटेनर आणि इथे कंटेनरच नाहीये. मग करायचं काय?

सोपा रस्ता मॉकिटोचा, म्हणजे खोटे ऑब्जेक्ट (मॉक) बनवणाऱ्या लायब्ररीचा. इंटरफेसमध्ये मेथड्स चारच, त्यातल्या गेटयूजरप्रिन्सिपल आणि इजयूजरइनरोल एवढ्या दोन स्टब केल्या (ठरलेलं उत्तर द्यायला लावल्या) की भागतं, टेस्ट पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत होते. फक्त मॉक आपोआप बसवणाऱ्या @इंजेक्टमॉक्सवर डोळे झाकून विसंबू नका, त्याला जागा सापडली नाही तर तो गप्प बसतो, एरर देत नाही. मी तर शक्यतो फील्ड सोडून मेथडचा पॅरामीटरच करतो, मॉक सरळ हातात देता येतो, विषय संपला. आणि रोलच्या नावात टायपो झाला तर मॉकिटो मुकाट फॉल्स देतो (किंवा स्ट्रिक्ट मोड असेल तर बोंब मारतो, ते बरंय).

पण तुमची परवानगी @रोल्सअलाउडमध्ये (मेथड कोणत्या रोलला चालेल हे सांगणारं ॲनोटेशन) असेल तर हे सगळं बिनकामाचं. मेथड थेट बोलावली की ते ॲनोटेशन कोणी बघतच नाही, ॲडमिनची मेथड कोणीही चालवतंय आणि टेस्ट मात्र हिरवीगार! तिथे जर्सीटेस्टच हवी, म्हणजे जर्सी (जॅक्स-आरएस चालवणारी लायब्ररी) खरा सर्व्हर उठवून जी टेस्ट चालवते ती: रिसोर्सकॉन्फिगमध्ये रोल्सअलाउडडायनॅमिकफीचर (रोल तपासणारा फिल्टर हेच लावतं) रजिस्टर करायचं आणि सोबत एक छोटा रिक्वेस्टफिल्टर, जो सेटसिक्युरिटीकॉन्टेक्स्टने आपला खोटा यूजर आत बसवतो.

यात माझी अख्खी दुपार गेली होती. यूजर बरोबर, रोल बरोबर, तरी ४०३ (परवानगी नाही). फिल्टरवर प्रायॉरिटी लावली नव्हती (लहान आकडा आधी चालतो), मग डीफॉल्ट पडते ५०००, आणि रोल तपासणारा फिल्टर २००० वर, म्हणजे तपासणी आधी उरकली आणि आमचा यूजर मागून आला. ऑथेंटिकेशनची १००० लावली, चाललं.

जर्सीटेस्ट हळू आहे हे खरं, दर टेस्टला सर्व्हर उठतो-बसतो, म्हणून सगळंच तिच्यात कोंबू नका. मेथडच्या आत इफ असेल, म्हणजे स्वतःची ऑर्डर आहे का वगैरे, तर मॉक. ॲनोटेशनसाठी जर्सीटेस्टच्या तीन केस पुरतात: बरोबर रोल, चुकीचा रोल, लॉगिनच नाही. शेवटच्या केसमध्ये पण जर्सीचा रोल तपासणारा फिल्टर ४०३च देतो, ४०१ (आधी लॉगिन करा) हवा असेल तर तो तुमच्या खऱ्या ऑथ फिल्टरने द्यायचाय, त्याची टेस्ट वेगळी लिहा.