डायनासोरच्या पाठीवर आठ दिवे: गमतीदार हनुकिया घेताना

हनुकिया म्हणजे हनुका या ज्यूंच्या सणात रोज एक वाढवत दिवे लावायचं दीपपात्र. ती पितळेची आणि घडीव फांद्यांचीच हवी, असा नियम कुठेही नाही. त्यामुळे हनुकाच्या आठ रात्रींसाठी नवनवे आकार निघत असतात. २०१३ साली हा सण आणि अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आले, तेव्हा टर्की पक्ष्याच्या आकाराची ‘मेनर्की’सुद्धा निघाली. लहान मुलं असलेल्या घरात मात्र डायनासोर भाव खाऊन जातो, म्हणून इथे त्याचाच विचार केला आहे.

पैसे देण्याआधी त्याची पाठ बघा. आठही दिवे एका रांगेत आणि एका उंचीवर असावेत, आणि नववा, म्हणजे बाकीचे दिवे ज्याने पेटवतात तो शमाश, वेगळा उठून दिसावा. पाठीला बाक असलेल्या डायनासोरवर मेणबत्त्या चढ-उतार करत जातात. दिसायला गोड, पण कितवी रात्र आहे ते एका नजरेत कळत नाही, आणि तेच तर कळायला हवं. सपाट पाठीचा, लांब मानेचा आणि डोक्यावर शमाश घेणारा आकार सर्वांत चांगला. मान मात्र शेवटच्या ज्योतीवर वाकलेली नको. दोघांत निदान पाच सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर हनुवटी काळी होते.

दुसरी गोष्ट खाचांमधलं अंतर. स्वस्त नमुन्यांत खाचा अगदी खेटून असतात. शेजारची ज्योत बाजूच्या मेणबत्तीला मऊ करते, ती वाकते, मेण एका बाजूने ओघळतं आणि आठव्या रात्री सगळी रांगच भराभर वितळते. दोन मेणबत्त्यांच्या मध्यांत तीन ते साडेतीन सेंटिमीटर अंतर असेल तर हा त्रास होत नाही.

साहित्याबद्दल मत स्पष्ट आहे. चिनी मातीची किंवा धातूची हनुकिया बिनधास्त घ्या. सोनेरी रंग मारलेल्या प्लास्टिकच्या खेळण्यात खाचा पाडून विकतात ती घेऊ नका. मेणबत्ती बुडाशी आली की खाच तापते, प्लास्टिक मऊ पडतं आणि पेटूही शकतं. सेलवर चालणारी असेल तर खिडकीत शोभेला ठेवा. आशीर्वचन उच्चारून लावायचे दिवे मात्र खऱ्या ज्योतीचे असावेत, असंच बहुतेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) सांगतात.

घरी करायची असेल तर खर्च कमी आणि मजा जास्त. पस्तीस सेंटिमीटर लांबीची लाकडी फळी घ्या आणि तिच्यावर सिरॅमिक टाइलची पट्टी चिकटवा. बारा मिलिमीटरचे (एम-१२) नऊ नट घ्या. आठ नट साडेतीन सेंटिमीटरवर एकेक करून एका रेषेत बसतील, नववा टाइलच्याच दोन-तीन तुकड्यांच्या उंचवट्यावर. नेहमीची बारीक मेणबत्ती या नटात किंचित सैल बसते, म्हणून बुडाला वितळलेल्या मेणाचा थेंब सोडा. दहाचा नट अरुंद पडतो आणि मेणबत्ती कोंबताना मोडते. चिकटवायला इपॉक्सी वापरा आणि चोवीस तास वाळू द्या. ग्लू गनचा गोंद उष्णतेने सुटतो. खेळण्यातले डायनासोर फळीच्या दोन्ही टोकांना, ज्योतींपासून लांब उभे करा.

डायनासोरचा एक छान उपयोग आहे. त्याची शेपटी आपल्या उजवीकडे येईल असा ठेवा. मेणबत्त्या शेपटीकडून रोज एक वाढवत डोक्याकडे जायच्या, पण पेटवताना सुरुवात सर्वांत नव्या, म्हणजे डोक्याजवळच्या मेणबत्तीपासून करायची. मुलं हा क्रम एका रात्रीत शिकतात.

चव्वेचाळीस मेणबत्त्यांची पेटी आठ रात्रींना बरोबर पुरते: दिव्यांच्या छत्तीस आणि शमाशच्या आठ. एखादी मोडली तर पंचाईत, म्हणून थोड्या जास्तीच्या ठेवा. २०२६ साली आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची आहे. पहिली रात्र शुक्रवारी, ४ डिसेंबरला आहे, त्यामुळे आठवी रात्रही शुक्रवारीच येते, ११ डिसेंबरला. शुक्रवारी हनुकाचे दिवे शब्बाथच्या (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) दिव्यांच्या आधी, सूर्यास्तापूर्वीच लावावे लागतात, आणि अंधार पडल्यावर आणखी अर्धा तास ते जळायला हवेत. पेटीतल्या बारीक मेणबत्त्या साधारण अर्धा-पाऊण तास टिकतात, त्या पुरणार नाहीत. या दोन रात्रींसाठी किमान दीड तास जळणाऱ्या मेणबत्त्या घ्या: दोन आणि नऊ मिळून अकरा. त्या नटात बसतात का ते आधी बघा. जाड असल्या तर ऑलिव्ह तेलाच्या छोट्या काचेच्या वाट्या जास्त सोयीच्या.

सोबत ड्रायडेल, म्हणजे हनुकाच्या खेळातला अक्षरं कोरलेला चौकोनी भोवरा, घेताना हलके पोकळ प्लास्टिकचे टाळा, लाकडी घ्या. चाळीस वेळा फिरवून पाहा. एखादं अक्षर वीस-बावीस वेळा आलं तर तो एका बाजूला कलतो, आणि गिमेल हे अक्षर आलं की नाण्यांची सगळी रास फिरवणाऱ्याला मिळते, त्यामुळे मुलांत भांडण ठरलेलं. प्रत्येकाला दहा-पंधरा चॉकलेटची नाणी पुरतात. ती मात्र डायनासोरच्या पायाशी ठेवू नका, शमाश विझायच्या आत मऊ होतात.