दादाच्या उपचारात फोन किती कामी आला : आठ महिन्यांचा अनुभव

दादाला नैराश्याच्या गोळ्या जुलैत सुरू झाल्या. तो सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणतो, राहतो अशोक चौकाजवळ; मी विजापूर रोडला. रोज जाणं जमत नाही, म्हणून फोनचा आधार घेतला.

सगळ्यात टिकला तो साधा अलार्म. रात्री साडेनऊला, जेवणानंतर. तीन आठवडे फरक दिसेना, तसा दादा म्हणायला लागला, "बंद करतो, नुसती झोप येतीय." डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात, आणि गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही. ते बोलणं मी त्यांना विचारून रेकॉर्ड केलं होतं. तेच पुन्हा ऐकवलं, तेव्हा त्याने ऐकलं.

मूड नोंदवायचं एक ॲप आठवड्यात काढून टाकलं. सगळं इंग्रजी, शिवाय नोंद चुकली की लाल खूण. ती बघून दादा आणखी खचायचा. त्याऐवजी दर दुसऱ्या रविवारी फोनवर पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली मराठीत भरतो. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, गुण ० ते २७, जितके कमी तितकं बरं. सुरुवातीला १९ होते, आता ८. हे आकडे डॉक्टरांना दाखवते, कारण तिथे गेल्यावर दादा नुसतं "बरंय" म्हणतो.

नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. तो मी घाईत कधीच विचारत नाही. ऑगस्टमध्ये एकदा त्याचं उत्तर ऐकून माझे हातपाय गळाले. वहिनीला त्याच्याजवळ बसवलं, रिक्षा केली आणि वाटेतूनच १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. त्याला एकटं सोडू नका, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, सकाळीच डॉक्टरांकडे न्या, असं पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं. तो नंबर आता घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. तुम्हीही आजच सेव्ह करा.

त्या रात्रीनंतर घाबरून मी त्याच्या फोनवर न विचारता लोकेशन चालू केलं, ते मात्र चुकलंच. "माझ्यावर पाळत ठेवतीस का गं?" म्हणाला आणि चार दिवस बोलला नाही. बंद केलं, माफी मागितली. आता तो स्वतःच सिद्धेश्वर तलावावर फिरून आला की व्हॉइस मेसेज टाकतो. आधी "आलो" एवढाच असायचा. कालचा दोन मिनिटांचा होता, मागे मागाची खडखड. शेंगाचटणी संपलीय, रविवारी येताना घेऊन ये म्हणाला.