पांढऱ्या चौकोनांची सॅक घेताय? आधी हे वाचा

विक्रेत्याने सॅकचं वजन ७५० ग्रॅम सांगितलं होतं. घरच्या काट्यावर ती तेवढीच भरली, म्हणून त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसला. वजन कुणीही घरी तपासू शकतं, त्यात तो कशाला खोटं बोलेल? कापड किती टिकेल हे वाटेवरच कळतं, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

जाहिरातीत ‘२१० डेनियर नायलॉन, डायनिमाच्या जाळीसह’ असं लिहिलं होतं. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. डायनिमा हा फार चिवट धागा, पण तो रंग धरत नाही, म्हणून खऱ्या कापडावर पांढरे चौकोन उठून दिसतात. माझ्या सॅकवरही होते.

सांदण दरीत मोठाल्या धोंड्यांवरून बसून घसरत उतरावं लागतं. तिथे सॅकचा तळ कातळाला घासला आणि फाटला. त्या जाळीने चीर अडायला हवी होती. ती पांढऱ्या रेघा ओलांडत थेट शिवणीपर्यंत गेली. सोबत्यांनी सामान वाटून घेतलं म्हणून करोली घाटाने साम्रद गावात वर येता आलं. एकटा माणूस असता तर? या विचाराने मला अजून संताप येतो.

बॅगा शिवणाऱ्या काकांनी कापड बोटांत चुरगळून पाहिलं आणि म्हणाले, “हे तर अस्तराचं कापड आहे.”

मग मी एक पांढरा धागा उसवला, त्याला चिकटलेलं कोटिंग नखाने खरवडलं आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून साबणाच्या पाण्यात चोळून ग्लासात बुडवला. डायनिमा पाण्यापेक्षा हलका, तो वर येतो. नायलॉन, पॉलिस्टर बुडतात. माझा धागा तळाशी गेला. सॅक हातात आल्याबरोबर आतल्या शिवणीच्या कडेचा धागा काढून हे करून बघा, मुदतीच्या आत.

टेंटमध्येही असंच चालतं. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असलेल्या कापडावर शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून लावतात ती नेहमीची टेप चिकटत नाही. तसा दावा असेल आणि आत टेप दिसली, तर विक्रेत्याला जाब विचारा.

मला विक्रेत्याकडून उत्तर मिळालं, “ट्रेकला घासणारच.” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. त्यानंतर जाहिरातीतून ‘डायनिमा’ हा शब्द गायब झाला. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट मी तक्रारीला जोडला आहे. तुम्हीही पैसे भरण्याआधी तो काढून ठेवा.