पोटभाडेकरू ठेवायचाय? आधी घरमालक कोण ते बघा

व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याच्या आत आणखी एक व्हीएम चालवणं (नेस्टिंग) म्हणजे मुंबईच्या भाषेत पोटभाडेकरू ठेवणं. सगळ्यात खालच्या हायपरव्हायजरने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, प्रोसेसरची व्हीएमसाठीची व्हीटी-एक्स (इंटेल) किंवा एएमडी-व्ही (एएमडी) ही सोय वरच्या व्हीएमला दिली, तरच जमतं. म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी तुमच्या मशीनवर मालक, म्हणजे हा सगळ्यात खालचा हायपरव्हायजर, कोण, हे बघा.

विंडोज ११ वर तो बरेचदा मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही असतो, तुम्ही कधी चालू केला नसला तरी. मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) किंवा डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालू असलं की तो खाली बसलेलाच. माझा एक अख्खा रविवार यात गेला. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत खाली उजवीकडे हिरवं कासव दिसत होतं, मला वाटलं शोभेचं असेल. ‘हायपर-व्हीच्या आडून चालतोय’ अशी ती कबुली होती. व्हीएममधलं उबुंटू (लिनक्स) उठेपर्यंत चहा पिऊन कप विसळून झाला, आणि आतलं केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायजर) सुरूच होईना. एरवी व्हर्च्युअलबॉक्स वाईट नाही: ६.० पासून एएमडीवर आणि ६.१ पासून इंटेलवर नेस्टिंग आहे. पण खालची जागा मोकळी हवी.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो या तशाच सॉफ्टवेअरचंही तेच दुखणं, फक्त ते सरळ एरर देऊन नकार देतं. नोव्हेंबर २०२४ पासून ते सगळ्यांना फुकट आहे. ऑफिसात विंडोज, घरी लिनक्स आणि तीच व्हीएम एसएसडीवर घालून मुलुंड ते अंधेरी न्यायची असेल, तर मी हेच घेईन.

हायपर-व्ही हलवायचाच नसेल, तर त्याच्याशीच जमवून घ्या. विंडोज होममध्ये तो मिळत नाही, प्रो लागतं. व्हीएम बंद करून पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड खिडकी) नेस्टिंगचं एक सेटिंग बदलायचं, डायनॅमिक मेमरी (गरजेप्रमाणे रॅम कमी-जास्त करणं) काढायची. आतल्या व्हीएमला नेटवर्क मिळेना, तर मॅक अ‍ॅड्रेस स्पूफिंग (व्हीएमला नेटवर्क कार्डाचा दुसरा पत्ता वापरू देणं) चालू करा. निम्मे लोक इथेच अडकतात.

होस्ट, म्हणजे खालचं मूळ मशीन, लिनक्स असेल तर फार विचार नको, केव्हीएम. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० पासून इंटेलवरही नेस्टिंग आपोआप चालू असतं. व्हीएमचा सीपीयू ‘होस्ट-पासथ्रू’ (खऱ्या प्रोसेसरच्या सोयी जशाच्या तशा) ठेवला की झालं. मॅकवाल्यांना एम३ किंवा पुढची चिप आणि मॅकओएस १५ लागेल, तेही आत लिनक्स चालवण्यापुरतं.

रॅमचं मात्र कुठलंच सॉफ्टवेअर भागवत नाही. बाहेरच्या व्हीएमला १६ जीबी दिले, तर आत ४-४ जीबीच्या दोन सुखाने राहतात. लॅपटॉपमध्ये एकूण १६च असतील तर आधी रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोडची, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची, एक चक्कर मारा.