आयनॅचरलिस्ट अ‍ॅप : मासळी बाजारात जाणाऱ्यांनी वापरावंच असं

जेट्टीवर मासे घ्यायला जात असाल तर फोनमध्ये आयनॅचरलिस्ट हे फोटोवरून प्राणी-वनस्पती ओळखायचं अ‍ॅप टाकून घ्या, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. पक्षी-फुलपाखरांसाठी लोक वापरतातच, मी मालवणला मुख्यतः मोरी (शार्क) आणि पाकटांसाठी (रे मासे) वापरतो.

फोटो टाकला की अ‍ॅप नावं सुचवतं, पण मोरीच्या पिल्लांच्या बाबतीत त्यावर डोळे झाकून विसंबू नका, बऱ्याच जाती लहानपणी सेम दिसतात. खरा फायदा पुढे आहे, जाणकार लोक फोटो बघून नाव दुरुस्त करतात, दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी होते आणि लायसन्स ओपन ठेवलं असेल तर ती जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यावर जाते, तिथून कुठलाही संशोधक घेऊ शकतो. हे फार गरजेचं आहे हो, आपल्याकडे टोपलीत सगळं नुसतं मुशी (मोरीच) नाहीतर पाकट म्हणून येतं, मग कुठली जात किती उरली हे कळणार कसं? २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या तज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त शार्क-रे जाती धोक्यात निघाल्या. बहुतेक जाती उशिरा वयात येतात, पिल्लं मोजकीच, एकदा कमी झाली की भरून यायला कित्येक वर्षं जातात.

फोटो एका बाजूने पूर्ण मासा येईल असा काढा, मग उलटा करून तोंड नि नाकपुड्या, पाकट असेल तर शेपूट शेवटपर्यंत. पोटाकडच्या फिनजवळ दोन लांबट दांड्या दिसल्या तर तो नर. नोट्समध्ये कुठलं जाळं, किती वाव (खोलीचं माप) पाण्यात मिळाला हे विचारून लिहा. आणि आधी मावशींना विचारा, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी टोपलीवर वाकून उभं राहू नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण अ‍ॅप आपोआप झाकतं.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी एक, व्हेल शार्क आणि करवतमासा २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, म्हणजे पकडायला बंदी. जिवंत अडकला तर आधी जाळं कापून सोडा, अपलोड नंतर. फोटो-व्हिडिओ मात्र काढाच, २०१८ पासून राज्य सरकारची योजना आहे, कापलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि त्याला हाच पुरावा लागतो.