उसाच्या ट्रकला रिव्हर्स कॅमेरा: एका हंगामानंतरचा अनुभव

सांगली जिल्ह्यात आमच्या दोन दहा टायरी गाड्या आहेत. कारखाना सुरू झाला की त्या उसाला लागतात. गाळप संपलं की खत, सिमेंट, मका, जे भाडं लागेल ते. जुन्या गाडीला मी मागच्या हंगामाच्या तोंडावर रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला. हंगाम उरकला, उन्हाळा गेला, पाऊसही निम्मा झाला. कारच्या कॅमेऱ्याबद्दल ढीगभर वाचायला मिळतं, पण पाणंदीतून (शेताकडच्या अरुंद वाटेनं) फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात, उलट्या घुसणाऱ्या ट्रकचं प्रकरण निराळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी ऊस वाहतूक जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. हायवेवरची गाडी माल उतरवताना गोडाऊनला मागं लागते, तेवढंच. उसाच्या गाडीला फडात वळायला जागाच नसते. पाणंदीच्या तोंडापासून उलटी आत घालायची, मोळ्या पडल्यात तिथवर न्यायची, मग ऊसतोड टोळी भरत जाईल तशी थोडी थोडी हलवत राहायची. हे बऱ्याचदा अंधारात. टोळीतली बायका-माणसं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून हौद्यात चढत असतात आणि त्यांची लहान पोरं तिथंच कुठंतरी पाचटावर (उसाच्या वाळल्या पाल्यावर) चादर टाकून झोपवलेली असतात. पुढं कारखान्याच्या गाडीतळावर ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या एकमेकांच्या शेपटीला चिकटून नंबरची वाट बघत उभ्या. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागं घेताच येत नाही, त्यामुळं त्याला सगळे जागा देतात. मागं यायची पाळी ट्रकवरच येते.

ट्रकच्या आरशात दोन्ही बाजू दिसतात, पण हौद्याच्या बरोबर मागचा पट्टा कुठल्याच आरशात येत नाही. आजवर ती सगळी मदार क्लीनरवर. तो मागं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणार आणि "बस" म्हणत हौद्यावर थाप मारणार. इंजिनच्या आवाजात आणि शेजारच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्यात ती थाप ऐकू आली तर आली.

कायद्याची सक्ती होती म्हणून बसवला असंही नाही. कारना 1 जुलै 2019 पासून मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, आमच्या जुन्या ट्रकला तशी सक्ती नव्हती. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा लागतो, पण तोही 10,000 पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांच्या आतल्या गाड्यांना. जिच्या मागचं सगळ्यात कमी दिसतं तीच गाडी तिथं नियमाच्या बाहेर!

आता खरेदीचं. कारचा संच स्वस्त मिळतो म्हणून ट्रकला लावू नका. ट्रकचं वायरिंग 24 व्होल्टचं असतं, दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये. कारचा 12 व्होल्टचा स्क्रीन थेट जोडला तर जळायचाच. काही वायरमन त्यावर शक्कल काढतात आणि दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच 12 व्होल्टची वायर ओढतात. चालू होतं, पण मग एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज, शेवटी जोडी खराब. मी 9 ते 36 व्होल्टवर चालणारा संच घेतला. 7 इंची स्क्रीन, एक एएचडी (केबलवरून जास्त स्पष्ट चित्र देणारा) कॅमेरा, 20 मीटर केबल. डब्यावर ओळखीच्या कुठल्याच कंपनीचं नाव नाही. फिटिंगसकट साडेसात हजाराच्या आत बसला.

चौकशी करायची असेल तर पिक्सेलची करू नका, केबलची करा. कारच्या कॅमेऱ्याला पिवळी आरसीए पिन असते, ती नुसती खुपसलेली असते आणि ट्रकच्या हादऱ्यानं आज ना उद्या सुटते. ट्रकच्या केबलला चार पिनांचं, आटे फिरवून घट्ट होणारं कनेक्टर येतं, तेच घ्या. आमच्याकडं केबल चॅसीच्या आतल्या बाजूनं पन्हाळी पाइपात घालून, सायलेन्सरपासून लांब ठेवून नेली. वायरमन ती ब्रेकच्या हवेच्या पाइपालाच टायनं बांधत होता, ते करू दिलं नाही. वायरलेसही मिळतो. आमच्या गाडीतळावर एकाच्या गाडीला आहे. मध्ये एवढा लोखंडी हौदा असल्यावर त्याचं चित्र अधूनमधून गोठतं. स्क्रीन काळा पडला तर ड्रायव्हर थांबतो तरी. गोठलेल्या चित्रात त्याला मागं रिकामी जागा दिसत राहते आणि तो येत राहतो.

कॅमेरा कुठं बसवायचा यावर आमचं आणि वायरमनचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, वर. उंचावरून जास्त दिसतं हे खरं आणि खता-सिमेंटाच्या गाडीला ती जागा उत्तम आहे. पण ऊस भरला की मोळ्या मागं हात-दीड हात बाहेर येतात आणि त्यांची पाती खाली लोंबतात. वरच्या कॅमेऱ्याला मग ऊसच दिसणार. म्हणून खाली, चॅसीच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर, दोन टेललाइटच्या मधोमध बसवला आणि वर लोखंडी पत्र्याचं छोटं छप्पर वेल्ड करून घेतलं. बांधावरून गाडी उतरताना त्या छपरानं दोन-तीन दणके खाल्लेत, कॅमेरा शाबूत आहे.

खाली बसवला की एक हिशोब बदलतो. कॅमेरा आत आणि उसाचं टोक बाहेर, त्यामुळं स्क्रीनवर जागा दिसते तेवढी प्रत्यक्षात नसते. त्यात वाइड लेन्समध्ये माणूस आहे त्यापेक्षा लांब वाटतो. स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा तर कॅमेरा बनवणाऱ्यानंच घालून दिलेल्या. तुमचा हौदा किती लांब, ऊस किती बाहेर, त्यांना काय ठाऊक! त्या आम्ही बंद केल्या. भरलेली गाडी सपाट जागेवर उभी करून उसाच्या टोकापासून 1, 2 आणि 3 मीटरवर फक्कीच्या आडव्या रेघा ओढल्या आणि स्क्रीनवर त्या जिथं दिसल्या तिथं काळ्या इन्सुलेशन टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. सगळ्यात खालची पट्टी म्हणजे ब्रेक. तिच्याखाली काहीही आलं तरी गाडी थांबली पाहिजे, मग ते पाचट का असेना. तासाभराचं काम आहे आणि माझ्या मते अख्ख्या संचात सगळ्यात उपयोगाचा भाग ती दहा रुपयांची टेप आहे.

रेषा बंद करायला आमच्या कॅमेऱ्याजवळ वायरीचे छोटे रंगीत लूप होते. एक कापला की रेषा जातात, दुसरा कापला की चित्राची डावी-उजवी बाजू बदलते. कुठला कशाचा ते सोबतच्या कागदावर बघून मगच कात्री लावा. क्लीनरला मागं डाव्या अंगाला उभा करा. स्क्रीनवरही तो डावीकडंच दिसला पाहिजे. हे न तपासता गाडी रस्त्यावर काढली तर ड्रायव्हर स्टिअरिंग उलट्या बाजूला मारेल.

गाडीवरचे ड्रायव्हर मामा या धंद्यात माझ्या आधीपासून आहेत. पहिल्या दिवशी म्हणाले, "मालक, ह्यो टीव्ही कशाला बसवला? हितं मॅच बघायची का?" पहिले काही आठवडे ते स्क्रीनकडं ढुंकूनही बघत नव्हते. आरसा, खिडकीतून मान आणि क्लीनरचा आवाज, एवढ्यावर त्यांचं भागत होतं. मग एका रात्री गाडीतळावर मागं घेताना त्यांनी मध्येच करकचून ब्रेक दाबला. क्लीनर डाव्या बाजूला उभा राहून "येऊ द्या" म्हणत होता आणि बरोबर मध्ये एक गाडीवान वाकून बैलाच्या पायातली दोरी सोडवत होता. क्लीनरच्या आणि त्याच्या मध्ये लोंबणारी वाढी (उसाचे हिरवे शेंडे), त्यामुळं क्लीनरला तो दिसलाच नाही. मामा खाली उतरले, त्या गाडीवानाला दोन शिव्या दिल्या, क्लीनरला चार दिल्या आणि वर येऊन फडक्यानं स्क्रीन पुसला. त्यानंतर मॅचचा विषय निघाला नाही.

बसवताना माझी समजूत होती की कॅमेरा आला की क्लीनरचं काम कमी होईल. हंगामभर बघितल्यावर मत उलटं झालंय. कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ड्रायव्हरला आता क्लीनर दिसतो. आमच्या गाडीवर नियमच केलाय: गाडी मागं घेताना क्लीनर स्क्रीनमध्ये दिसला पाहिजे, डाव्या कोपऱ्यात, मधल्या पट्टीच्या पलीकडं. दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबणार, तो परत दिसेपर्यंत. ओरडायचं नाही, हातानं खूण करायची. रात्री हातात टॉर्च. पूर्वी क्लीनर मागं आहे, मुतायला गेलाय, की चाकाजवळ वाकलाय, हे ड्रायव्हरला कळायला मार्गच नव्हता. मागं येणाऱ्या गाड्यांखाली त्यांचेच क्लीनर सापडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचतो, त्या का घडतात ते आता नीट कळतं. क्लीनरचा पगार वाचेल म्हणून कॅमेरा घेणार असाल, तर निदान उसाच्या गाडीला तरी घेऊ नका.

रात्रीचं चित्र जाहिरातीत दाखवतात तसं नसतं. लेन्सभोवती इन्फ्रारेडचे बारीक दिवे आहेत. मोकळ्या हवेत ते ठीक चालतात. पण फडातली धूळ उडाली की, किंवा कृष्णाकाठचं डिसेंबरातलं पहाटेचं धुकं असलं की, तो प्रकाश तिथूनच परत लेन्समध्ये येतो आणि स्क्रीन पांढराफटक. एखादं पातं लेन्ससमोर लोंबलं तरी तेच. उपाय साधा निघाला. रिव्हर्स लाइटच्या वायरवर मागं एक पांढरा एलईडी वर्कलॅम्प टाकला, तो कॅमेऱ्यापासून फूटभर बाजूला आणि जमिनीकडं तोंड करून. चित्र सुधारलंच, शिवाय मागच्या माणसालाही कळतं की गाडी मागं येतेय. कॅमेऱ्यासोबत सेन्सर फुकट मिळत होते, ते परत केले. उसाची पाती लोंबत असताना सेन्सर सतत पीं-पीं करणार आणि चार दिवसांत ड्रायव्हर त्याची वायर उपटणार.

आता काय दिसत नाही तेही सांगतो, कारण स्क्रीनची सवय लागली की हे विसरायला होतं. गाडीखालचं दिसत नाही. उन्हाळ्यात माणसं, कुत्री गाडीच्या सावलीत चाकाला टेकून झोपतात. कॅमेरा त्यांच्या मागं असतो आणि तोंड पलीकडं. वरचं दिसत नाही. शेतावरून गेलेली विजेची तार, शेडची पन्हाळ, आंब्याची फांदी यांतलं काहीही खालच्या कॅमेऱ्यात येत नाही आणि भरलेल्या उसाच्या गाडीला तारेची भीती माणसापेक्षा कमी नसते. त्यामुळं अनोळखी फडात मामा आजही आधी खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारतात. आणि डावी बाजू. आपला ड्रायव्हर उजवीकडं बसतो, डावीकडं वळताना केबिनच्या कडेला आलेली मोटारसायकल त्याला दिसत नाही, तिथं मागच्या कॅमेऱ्याचा काडीचाही उपयोग नाही.

देखभाल म्हटली तर लेन्स पुसणं, पण ते काम रोजचं, चिखलात तर प्रत्येक खेपेला. कारखान्यात वजनकाटा झाला की क्लीनर ओलं फडकं मारतो. कोरड्या फडक्यानं घासू देऊ नका, मातीचे ओरखडे कायमचे राहतात. आमच्या कॅमेऱ्यावर आयपी 67 लिहिलंय, म्हणजे अर्धा तास मीटरभर पाण्यात बुडाला तरी चालावं. पण वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याची हमी त्यात येत नाही, त्यासाठी आयपी 69के लागतं. धुणारा पोरगा जवळून फवारा मारतो, त्याला आधीच सांगून ठेवा. आमच्या लेन्समध्ये पहिल्या पावसात बारीक दव धरलं, दिवस उघडल्यावर गेलं, आणि परत धरलं. एवढी एक तक्रार आहे.

बाकी दोनदा चित्र बंद पडलं, दोन्ही वेळा कॅमेऱ्याचा दोष नव्हता. एकदा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच गेला होता. स्क्रीनला चालू होण्याचा इशारा तिथूनच मिळतो. दुसऱ्यांदा हंगाम संपल्यावर गाडी काही दिवस उभी होती, तेव्हा उंदरानं केबल कुरतडली, नेमकी केबिनखाली पाइप संपतो तिथं. जोड मारला, पण चित्रात मुंग्या यायला लागल्या, शेवटी केबल नवी टाकली. जास्तीची एक केबल घरात असू द्या. आणि स्क्रीनचा उजेड रात्री कमी करायला ड्रायव्हरला शिकवा, नाहीतर काळोख्या पाणंदीत त्याचे डोळेच दिपतात.

पैसे वसूल झाले का? खर्चाच्या बाजूनं बघितलं तर टेललाइटच्या काचा आणि फाळक्याचे पोचे, दर हंगामाला ठरलेला हा खर्च यंदा जवळपास झाला नाही. खताच्या गोडाऊनवर गाडी एका दमात फलाटाला लागते, हमाल खोळंबत नाहीत. दुसऱ्या गाडीला पुढच्या हंगामाआधी बसवणार आहे. तिला दोन कॅमेरे, एक मागं, एक डाव्या आरशाखाली, आणि डावा इंडिकेटर दिला की स्क्रीनवर डावी बाजू येईल असं वायरिंग. वायरमन म्हणतो दसऱ्याच्या आत करून देतो. मी त्याला गणपतीच्या आधीची तारीख दिली आहे.